आकाशातील ताऱ्याचे स्थान अचूक कसे सांगावे

ताऱ्याचे स्थान सांगण्यास दोन कोन पुरतात. मात्र ते कोणत्या वर्तुळापासून आणि कोणत्या बिंदूपासून मोजले, हे आधी ठरवावे लागते.

सुरुवात क्षितिजापासून करावी. तारा क्षितिजाच्या किती वर आहे तो उन्नतांश, आणि उत्तरेपासून पूर्वेकडे वळत मोजलेली त्याची दिशा म्हणजे दिगंश. हात ताठ धरला असता मूठ सुमारे १० अंश झाकते, तेव्हा पहिल्या अंदाजासाठी उपकरण लागत नाही. परंतु आकाश तासाला १५ अंश सरकत असल्याने या नोंदीसोबत ठिकाण, तारीख व वेळ लिहिली नाही, तर ती निरुपयोगी ठरते.

म्हणून तारकासूचीत विषुवांश आणि क्रांती दिलेली असतात. पृथ्वीचे विषुववृत्त आकाशापर्यंत वाढवले की खगोलीय विषुववृत्त मिळते. त्याच्या उत्तरेस किंवा दक्षिणेस असलेले अंतर म्हणजे क्रांती, आणि वसंतसंपातापासून (सूर्य मार्चमध्ये खगोलीय विषुववृत्त ओलांडून उत्तरेस जातो त्या बिंदूपासून) पूर्वेकडे मोजलेले अंतर म्हणजे विषुवांश. विषुवांश तासांत लिहितात, त्यामुळे त्याचे एक मिनिट म्हणजे कोनाची १५ मिनिटे (कोनाचे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) होतात. नवखा निरीक्षक हमखास फसतो तो इथेच.

उदाहरणार्थ, व्याध या ताऱ्याचा विषुवांश ६ तास ४५ मिनिटे आणि क्रांती उणे १६ अंश ४३ मिनिटे आहे. तो केव्हा दिसेल हे काढण्यासाठी नाक्षत्र काळ, म्हणजे त्या क्षणी याम्योत्तर वृत्तावर (उत्तर व दक्षिण बिंदूंना डोक्यावरून जोडणाऱ्या वर्तुळावर) असलेला विषुवांश, हवा. २२ सप्टेंबरच्या सुमारास स्थानिक मध्यरात्री तो जवळपास शून्य असतो आणि पुढे महिन्याला सुमारे दोन तासांनी वाढतो. त्यामुळे २२ जानेवारीच्या मध्यरात्री तो ८ तास होतो. त्यातून विषुवांश वजा केला की व्याधाला याम्योत्तर वृत्त ओलांडून सव्वा तास झाल्याचे कळते. (येथे मध्यरात्र स्थानिक घ्यावी, प्रमाणवेळेचे घड्याळ रेखांशाच्या दर अंशाला चार मिनिटे पुढेमागे असते.) याम्योत्तरावर असताना २० अंश उत्तर अक्षांशावरून त्याचा उन्नतांश ९० मधून ३६ अंश ४३ मिनिटे (२० अंश अधिक १६ अंश ४३ मिनिटे) वजा करून, म्हणजे ५३ अंश १७ मिनिटे येतो, तोही दक्षिणेकडे.

शेवटी संदर्भवर्ष, म्हणजे सूचीतील आकडे कोणत्या वर्षासाठी आहेत ते, पाहावे. वसंतसंपात दरवर्षी सुमारे ५० विकला (विकला म्हणजे कोनाच्या मिनिटाचा साठावा भाग), म्हणजे साधारण ७२ वर्षांत एक अंश, पश्चिमेकडे सरकतो. त्यामुळे १९५० आणि २००० या संदर्भवर्षांचे आकडे एकत्र मिसळल्यास मोठ्या दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रातून तारा निसटू शकतो. ग्रहांसाठी मात्र क्रांतिवृत्तावर (सूर्याच्या आकाशातील वार्षिक मार्गावर) आधारलेले भोग (त्या वृत्तावर वसंतसंपातापासूनचे अंतर) आणि शर (त्या वृत्तापासून उत्तर-दक्षिण अंतर) अधिक सोयीचे, कारण ग्रह त्या वृत्ताच्या आसपासच फिरतात आणि सूर्याचा शर तर जवळजवळ शून्यच राहतो.