पुन्हा त्याच खड्ड्यापाशी

दर जानेवारीत एम.एस्सी.ची एक-दोन मुलं मला भेटायला येतात. विषय ठरलेला असतो: जंगलाच्या मातीतला कर्ब, म्हणजे कार्बन, वाढतोय की घटतोय. हाताशी वेळ असतो सहा महिने. मी पहिल्याच भेटीत सांगते, सहा महिन्यांत साठा मोजता येईल, बदल नाही. हे ऐकून काही जण पुन्हा येत नाहीत. जे येतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

जगभरच्या मातीत, वरच्या एका मीटरमध्ये, साधारण १,५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे. वातावरणात आहे त्याहून हा जास्त, आणि झाडाझुडपांत आहे त्याच्या तर दुपटीहून जास्त. भारतीय वन सर्वेक्षणाच्या हिशेबातही आपल्या जंगलांतला निम्म्याहून अधिक कर्ब मातीतच भरतो. एवढा मोठा साठा, आणि त्यातला बदल मात्र इतका हळू की डोळ्यांना तो दिसतच नाही. समजा, एका हेक्टरात ९० टन कर्ब आहे आणि दर वर्षी ०.३ टनांची भर पडतेय. दहा वर्षांत झाले ३ टन. पण त्याच जंगलात वीस पावलांवर घेतलेल्या दोन नमुन्यांत पंधरा-वीस टनांचा फरक सहज निघतो. एक नमुना जुन्या हिरड्याच्या बुंध्याशी, दुसरा कातळाजवळच्या पातळ मातीत. या गोंगाटातून ३ टनांचा आवाज ऐकायचा असेल, तर नमुने पाच-दहा घेऊन चालत नाही, आणि घाई तर मुळीच चालत नाही.

अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनात कॅलहून नावाचं प्रायोगिक जंगल आहे. कापसाच्या जुन्या शेतांवर १९५७ साली तिथे पाइन लावले. १९६२पासून ठरावीक वर्षांनी माती तपासत गेले आणि दर खेपेची माती जपून ठेवली. जवळजवळ ५० वर्षांनी चित्र स्पष्ट झालं. वरच्या ७.५ सेंटिमीटरमध्ये कर्ब वाढला होता, पण ३५ ते ६० सेंटिमीटरच्या थरात तो घटला होता. झाडं जोमानं वाढत होती, पाचोळ्याचा थर चढत होता आणि खाली साठा रिकामा होत होता. तिथल्या लोकांनी फक्त वरची वीतभर माती तपासली असती, तर निष्कर्ष उलटा निघाला असता. म्हणून निदान थोड्या ठिकाणी तरी कंबरभर खोल खड्डा घ्या. हात भरून येतात, पण त्याला पर्याय नाही.

माझी पहिली मोठी चूक खड्ड्यात नव्हे, वहीत झाली. पहिल्या हंगामात मी कर्बाचे टक्के काढले आणि बल्क डेन्सिटी, म्हणजे ठरावीक आकारमानाच्या मातीचं कोरडं वजन, 'नंतर बघू' म्हणून सोडून दिलं. याच भागावरचा एक जुना प्रबंध मला तुलनेला मिळाला होता. त्यातही नुसते टक्केच होते. नमुने फेकून दिलेले, जागेची नोंद 'गावाच्या पश्चिमेस' एवढीच. दोन माणसांची मिळून चार वर्षं, आणि तुलना करता येईल असा एकही आकडा नाही. तेव्हा फार वाईट वाटलं होतं, आजही वाटतं.

टक्के पुरत का नाहीत, हे एकदा कागदावर मांडून बघा. कर्बाचे टक्के, घनता (म्हणजे तीच बल्क डेन्सिटी, एका घन सेंटिमीटरला किती ग्रॅम) आणि सेंटिमीटरमधली खोली यांचा गुणाकार केला की हेक्टरी टन मिळतात. कर्ब ३ टक्के, घनता १.०, खोली ३०. म्हणजे ९० टन. दहा वर्षांत गुरांच्या वाटेनं माती दबली, घनता १.२ झाली, टक्के तेच राहिले. आता उत्तर येतं १०८. कर्बाचा एक कणही वाढलेला नाही, पण अहवालात १८ टनांची वाढ दिसते. दबलेल्या मातीत २५ सेंटिमीटरमध्येच पहिल्याइतकी माती बसते, म्हणजे हेक्टरी ३,००० टन. तेवढीच मोजली की पुन्हा ९०. तुलना सारख्या खोलीची नको, सारख्या वजनाच्या मातीची हवी. आणि दगडगोट्यांचं वजन-आकारमान वजा करायला विसरू नका; सह्याद्रीत मुरूम लागतोच.

पुण्यात राहून हे शिकणाऱ्याचं एक भाग्य आहे. शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि मुळशी ओलांडून ताम्हिणीकडे गेलं की त्याच्या कित्येक पट. दगड तोच बेसॉल्ट, माती मात्र वेगळी. घाटमाथ्यावर पावसानं चुना धुऊन नेलेली तांबडी माती. पूर्वेकडे शेतातल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे. हे इथे सांगायचं कारण असं की मशिनमध्ये माती जाळून कर्ब मोजतो, तेव्हा चुनखडीतला कर्बही त्यात धरला जातो. पूर्वेकडच्या नमुन्यावर आधी सौम्य आम्लाचा थेंब टाका. फसफसली, तर चुना वेगळा काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बहुतेक प्रयोगशाळांत अजून वॉकली-ब्लॅकचीच पद्धत चालते, १९३४ सालची. कर्ब जाळणारं डायक्रोमेट हे रसायन, सल्फ्युरिक आम्ल, अर्धा तास थांबणं, मग टायट्रेशन, म्हणजे रंग बदलेपर्यंत थेंबथेंब द्रावण सोडून मोजणं. गडद निळाजांभळा रंग एका थेंबात लख्ख हिरवा होतो. तो थेंब ओळखायला माझे दोन आठवडे गेले. ही पद्धत सगळा कर्ब पकडत नाही, साधारण ७७ टक्के पकडते, म्हणून उत्तराला १.३ने गुणतात. प्रत्येक मातीला हा आकडा चपखल बसतोच असं नाही. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी या पद्धतीनं मोजलेलं आज मशिनच्या आकड्याशी थेट ताडू नका. जुनी माती शिल्लक असेल, तर दोन्ही एकाच दिवशी, एकाच पद्धतीनं मोजा. आणि डायक्रोमेट विषारी आहे, बेसिनमध्ये ओतू नका.

जुनी माती शिल्लक असेल तर, हे मी मुद्दाम म्हणतेय. वाळवून, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळून, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवलेली पाव किलो माती तुमच्या प्रबंधापेक्षा जास्त काळ कामाला येईल. लेबल पेन्सिलीनं लिहा, एक आत, एक बाहेर. घाटातल्या दमट हवेत शाई पसरते. वहीत महिना लिहा, पाचोळा कुठपर्यंत बाजूला केला ते लिहा, वणवा कधी लागला होता ते गावात विचारून लिहा. पुन्हा जाल तेव्हा त्याच महिन्यात जा. मी दिवाळीनंतर जाते.

परवानगीचं थोडक्यात: अभयारण्यात काम असेल, तर वन विभागाकडे अर्ज बराच आधी करा, कित्येक महिने जातात. देवराईत गावालाही विचारावं लागतं. माधव गाडगीळ आणि पुण्याचेच वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात आपल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून अभ्यासकांची ये-जा आहे. तरी प्रत्येकानं नव्यानं विचारायचं असतं.

मुळशी तालुक्यातल्या एका देवराईत मी २०१३ साली पहिला खड्डा घेतला. तिथून वाळकी काटकीही कुणी घरी नेत नाही. गावातले एक म्हातारे बाबा सोबत आले होते. त्यांनी नारळ फोडला, मी घमेल्यात माती काढताना उकिडवे बसून बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, देवाची माती नेताय. तपासून झाली की परत आणा." मी हो म्हटलं. अर्धी माती बरण्यांत ठेवली, तपासणीतून उरलेली बाजूला काढून ठेवली.

२०२३च्या नोव्हेंबरात ती पिशवी घेऊन गेले. जीपीएसनं दाट झाडीत आठ-दहा मीटर इकडेतिकडे दाखवायला सुरुवात केली. ज्या जांभळाला पत्र्याचा बिल्ला ठोकला होता, ते जांभूळ पडून कुजलं होतं. वहीतली अंतरं कुठून मोजायची, तेच कळेना. बाबा आता काठी टेकत चालतात. ते थेट एका शेवाळलेल्या दगडापाशी जाऊन उभे राहिले. "ह्याच्यावर नारळ फोडला होता. तुम्ही तिकडं, उताराच्या अंगाला बसला होता."

दगडापासून टेप लावली. वहीत त्या दगडाची नोंद होती, 'मोठा धोंडा, ईशान्येस ४.२ मीटर'. त्या अंतरावर पाचोळा सारला, तर जमीन किंचित खचलेली दिसली. मी शेजारी, एक मीटर सोडून नवी रेघ आखली. पिशवीतली माती बाबांनी आपल्या हातानं जुन्या जागेवर पसरली, वर पाचोळा ओढला आणि विचारलं, "आता पुढच्या वेळी कोण येणार?"

माझ्यासोबत त्या दिवशी एम.एस्सी.ची एक मुलगी होती. तिनं वही उघडली आणि दगडाचं चित्र काढायला घेतलं.