जत्रेतला घोडा घरी आणताना

मार्गशीर्ष लागला की तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेची लगबग सुरू होते. पाठोपाठ नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडा घ्यायचा तर आपल्याकडे हाच हंगाम. कोणाला वरातीसाठी हवा असतो, कोणाला पैदाशीसाठी, आणि अलीकडे चार एकर ऊस-केळी असलेली तरुण पोरंही हौसेने घोडी बांधू लागली आहेत. बाजारात पैसा मोजला जातो तो रंग, उंची, कानांची टोकं आणि अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांना. देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा) आहे का, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा) आहे का, यावर भाव चढतो. भोवरे मानायचे की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. अडचण एवढीच की भोवरे बघण्यात सकाळ जाते आणि खूर बघायचे राहून जातात.

माझा पहिला सल्ला असा, की नाचवून दाखवलेल्या घोड्याचा सौदा त्याच जागेवर करू नका. ढोल-ताशावर, मऊ वाळूत पाय उचलून नाचणारा घोडा किंचित लंगडत असेल तरी कळत नाही. विकणारा नाच दाखवतो तो त्यासाठीच असं नाही, पण तोटा घेणाऱ्याचा होतो. पहाटे, विक्रेत्याला न सांगता, दावणीवर जा. घोडा चारही पायांवर सारखा भार देतो का, वैरण नीट चावतो का, की अर्धवट चावलेले बोळे तोंडातून टाकतो? असे बोळे खाली पडलेले दिसले तर दातांत दोष आहे. लीद बघा. मग घोडा कडक जमिनीवर, दोर सैल सोडून, दुडक्या चालीने तुमच्याकडे आणि तुमच्यापासून दूर पळवायला सांगा. पुढच्या पायात दुखणं असेल तर तो दुखरा पाय जमिनीवर टेकताना घोडा मान वर उचलतो. हे एकदा डोळ्यांत बसलं की विसरत नाही. वेदनाशामक इंजेक्शन देऊन उभा केलेला घोडा त्या दिवशी चांगला चालतो, म्हणून जमल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. दोन दिवस थांबायला विक्रेता तयार नसेल तर तुम्हीही घाई करू नका, यात्रेत घोडे पुष्कळ असतात.

पाय हाताने तपासा. गुडघ्याखाली दोन्ही बाजूंनी हात फिरवला की सूज आणि गरमपणा लगेच लागतो. चारही खूर उचलून घ्या. उचलू देत नसेल तर नालबंदालाही देणार नाही, हे गृहीत धरा. खुराच्या तळाचा मऊ त्रिकोण काळा पडून घाण वास येत असेल तर घोडा ओल्या, लिदीने भरलेल्या जागेत उभा राहिलेला आहे. हे बरं होतं, पण भाव त्याप्रमाणे कमी व्हायला हवा. पिछाडी बांधून ठेवलेल्या घोड्यांच्या मागच्या पायांना दोर काचल्याच्या जखमा असतात, त्या केस सारून बघा.

दातांवरून वय पाच वर्षांपर्यंत बरंच खात्रीने सांगता येतं. पुढचे मधले दोन दुधाचे दात साधारण अडीच वर्षांनी पडतात, शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला, आणि पाचव्या वर्षी तोंड पुरं होतं. त्यापुढे अंदाजच. वरच्या कडेच्या दातावर मुळाशी खाच दिसू लागली तर घोडा दहाच्या आसपास आहे, निम्म्या दातावर उतरली तर पंधराच्या. दात कानसून वय चोरणारे असतात, पण मला जास्त खटकतं ते उलटं. अडीच वर्षांच्या वछेऱ्याला, म्हणजे कोवळ्या घोड्याला, चार वर्षांचा म्हणून, रेवाल नावाची खास चाल शिकवून, वर जाड स्वार बसवून दाखवतात. त्या वयात सांधे पक्के झालेले नसतात आणि त्याचा त्रास पुढे तुमच्या गोठ्यात सुरू होतो.

आता कागद. ग्लँडर्स हा रोग घोडा, गाढव, खेचरांना होतो आणि माणसालाही लागतो. नाकातून चिकट पू, जबड्याखाली गाठी, पायांच्या आतल्या बाजूला रांगेने फुटणारे फोड ही त्याची खूण. मात्र काही जनावरांत वरून काहीच दिसत नाही, म्हणून रक्ततपासणीचा अहवाल मागा आणि त्यावरचं वर्णन समोरच्या घोड्याशी जुळवा. कपाळावरचा पट्टा, पांढरे पाय, भोवरे सगळं. इथे मात्र भोवऱ्यांचा खरा उपयोग आहे! रोग सिद्ध झाला तर नियमाप्रमाणे जनावर मारावं लागतं, उपचार करत ठेवता येत नाही. ‘घोडी गाभण आहे’ हे वाक्य डॉक्टरने तपासल्याशिवाय किमतीत धरू नका. बाजार समितीची पावती, विक्रेत्याचं नाव-पत्ता, वाहतुकीसाठी पशुवैद्यकाचा दाखला, एवढं हातात आल्याशिवाय गाडी हलवू नये.

कोणता घोडा, हा प्रश्न नेहमी येतो. मारवाडी आणि काठेवाडी दोन्ही आपल्या हवेत निभतात. पांढऱ्या नुकऱ्याला लग्नसराईत मागणी असते, पण त्याची कातडी गुलाबी. मार्चनंतरच्या उन्हात नाक आणि डोळ्यांभोवती ती भाजते, तेव्हा दाट सावली असेल तरच घ्या. काटक, कमी खर्चाचं जनावर हवं असेल तर पुणे, सातारा, सोलापूर भागातल्या धनगर कुटुंबांनी बिऱ्हाड लादण्यासाठी सांभाळलेली भीमथडी विसरू नका. आता तिची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदही झाली आहे. दिसायला लहान, पण खुरांनी पक्की.

घरी नेताना घोड्याचं तोंड उंच, आखूड दोराने बांधून टाकतात. ही सवय सोडा. घोड्याला डोकं खाली घालता आलं नाही की श्वासनलिकेतली घाण बाहेर पडत नाही आणि लांबच्या प्रवासानंतर फुप्फुसाचा दाह होतो. दोर इतका सैल हवा की मान गुडघ्यापर्यंत जाईल. गाडीच्या फळीवर वाळू किंवा पाचट पसरा आणि दर चार-पाच तासांनी थांबून पाणी दाखवा. खानदेशातल्या थंडीत रात्री उघड्या टेम्पोतून आणणार असाल तर समोरून येणारा वारा अडवा, पण गाडी चारी बाजूंनी ताडपत्रीत गुंडाळू नका.

खरा धोका घरी आल्यावर सुरू होतो. नव्या घोड्याचं कौतुक म्हणून पहिल्याच दिवशी हरभरा, गूळ, बाजरी भरपूर दिली जाते आणि तिसऱ्या दिवशी पोटशूळ उठतो. घोड्याचं जठर शरीराच्या मानाने लहान असतं आणि त्याला उलटी करता येत नाही. म्हणून विक्रेता काय घालत होता ते विचारा, त्याच्याकडूनच चार दिवसांची वैरण विकत घ्या, आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू तुमच्या चाऱ्यावर आणा. साडेतीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण सात किलो कोरडी वैरण लागते, तीही चार-पाच वेळा वाटून. दाणा आधी नको, वैरण आधी, आणि दाणा एका वेळी दीड-दोन किलोच्या वर नको. थंडीत गार पाणी घोडे कमी पितात आणि मग आतडं कोंदतं. टाकीतलं रात्रभर गारठलेलं पाणी देण्यापेक्षा सकाळी विहिरीचं ताजं उपसलेलं द्या, ते कोमट असतं. दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी पोटात जातंय का, हे बादल्या मोजूनच कळतं. शेजारी मिठाचा खडा ठेवा.

दोन गोष्टींबाबत मात्र अजिबात हयगय नको. पहिली, बुरशी लागलेला मका. या दिवसांत खळ्यावर मका भरपूर असतो, पावसात भिजलेली कणसं बाजूला काढून ‘जनावरांना’ ठेवली जातात. त्या बुरशीचं विष घोड्याच्या मेंदूवर जातं. त्यावर औषध नाही. दुसरी गोष्ट, गाई-म्हशींचा तयार खुराक. काही पशुखाद्यांत मोनेन्सिन हा घटक असतो. गाईला तो चालतो, घोड्याचं मात्र हृदय बंद पाडतो. गोठा एकच असेल तर पोत्यांवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि घमेली वेगळी ठेवा.

घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो, सारखं कुशीकडे बघतो, लोळतो, लीद टाकत नाही, अशी लक्षणं दिसली की चारा काढून घ्या, हळू चालवत ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा. पशुसंवर्धनच्या फिरत्या पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे. बैलाला पाजतो तसं बांबूच्या नळीने तेल पाजू नका. घशाऐवजी ते फुप्फुसात उतरतं आणि पोटाने न मेलेला घोडा त्याने मरतो. दर गावात हे करणारा एक जाणकार असतो, त्याला चहा पाजून परत पाठवावं.

पहिले तीन आठवडे नवं जनावर जुन्यांपासून लांब, वेगळ्या बादलीवर ठेवा. रोज सकाळी ताप मोजा. 99 ते 101 फॅरनहाइट ठीक, त्यावर राहिला तर वाट पाहू नका. वेगळं ठेवण्याचा हा नियम पुसेगावच्या यात्रेतून आणलेल्या खिलार खोंडालाही तितकाच लागू आहे. 2022 मध्ये लम्पीने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. बैलाच्या कानातला टॅग आणि लाळ-खुरकूतची लस किमान तीन आठवड्यांपूर्वीची आहे का, एवढं बघून मगच भाव ठरवायला रुमालाखाली बोटं घाला.

हाताळणीबद्दल थोडंच. घोड्याकडे डाव्या खांद्याच्या बाजूने, आवाज देत जा. सरळ मागून जाऊ नका, तिथलं त्याला दिसत नाही. दोर हाताला गुंडाळू नका. लगामाने खुंटीला बांधू नका, मोरखी (तोंडात कडी नसलेला, डोक्याला घालायचा दोर) घालून ओढताच सुटणाऱ्या गाठीने बांधा. काटेरी लगामाला कायद्याने बंदी आहे, तो घोड्यासोबत आला तर फेकून द्या. धनुर्वाताची लस आल्या आठवड्यातच द्या, कारण पिछाडीचा दोर काचून झालेल्या आणि खिळ्यांच्या जखमांतून घोड्याला तो फार लवकर होतो. नाल दर सहा ते आठ आठवड्यांनी काढून खूर तासून घ्या, नाल झिजलेली नसली तरी.

पैदाशीसाठी घोडी घेतली असेल तर थंडीत ती माजावर आली नाही म्हणून घाबरू नका. दिवस मोठे होऊ लागले, म्हणजे फेब्रुवारी-मार्चपासून, की घोड्या नियमित माजावर येतात. तोवर तिचं वजन सुधारा, जंतनाशक द्या, आणि ज्या वळू घोड्याकडे नेणार त्याचाही ग्लँडर्सचा अहवाल मागून ठेवा. मार्चमध्ये भरली तर अकरा महिन्यांनी, पुढच्या फेब्रुवारीत, शिंगरू होईल. तेव्हा ओला चारा कुठल्या वाफ्यात असणार हे आत्ताच, गव्हाला पाणी देता देता, ठरवून टाका.