मदरबोर्डवरचे फुगलेले कॅपॅसिटर बदलायचे कसे

"ताई, चालूच होईना झालंय. चार-पाच वेळा बटण दाबलं की मग होतंय." कॉम्प्युटर घेऊन आलेला माणूस असं म्हणाला, की मी सगळ्यात आधी कॅपॅसिटर, म्हणजे मदरबोर्डवरच्या वीज साठवून सोडणाऱ्या छोट्या डब्या, बघते. एकदा गरम झालं की दिवसभर नीट चालतं, पण सकाळी अडून बसतं. मधूनच आपोआप रीस्टार्ट होतं. निळा स्क्रीन येतो आणि रॅम बदलली तरी जात नाही. ही सगळी लक्षणं एकाच दुखण्याची असू शकतात, आणि ते दुखणं दहा-वीस रुपयांच्या भागात असतं.

माझं दुरुस्तीचं टेबल सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला आहे. आजूबाजूला टॉवेल आणि चादरींचे कारखाने, त्यामुळे माझ्याकडे येणारे बरेचसे बोर्ड लूमच्या शेडमधले असतात. "एवढा खटाटोप कशाला, नवीन घ्या की," असं लोक सहज म्हणतात. पण जॅकार्डच्या, म्हणजे विणून काढलेल्या नक्षीच्या, डिझाइनचं जुनं सॉफ्टवेअर, त्याचा प्रिंटर पोर्टला लागणारा डोंगल (सॉफ्टवेअर उघडायची किल्लीच ती) आणि जुन्या स्लॉटमध्ये बसणारं कार्ड नव्या मदरबोर्डवर चालत नाही. तो एक बोर्ड गेला, तर मालकाच्या वर्षानुवर्षांच्या डिझाइन अडकून पडतात. असे बोर्ड वाचवायलाच हवेत, आणि नीट केलं तर वाचतात.

आत काय बिघडतं ते आधी समजून घ्या. अल्युमिनियमच्या त्या छोट्या डबीत दोन पातळ पत्रे आणि मध्ये इलेक्ट्रोलाइटने, म्हणजे वीज वाहू देणाऱ्या द्रवाने, भिजलेला कागद, असं सगळं गुंडाळून ठेवलेलं असतं. हा ओलावा हळूहळू उडतो किंवा त्यातून गॅस तयार होतो. ओलावा कमी झाला की आतला रोध, म्हणजे ईएसआर, वाढतो. ईएसआर वाढला की कॅपॅसिटर स्वतःच गरम होतो आणि गरम झाला की आणखी लवकर वाळतो. डबीच्या डोक्यावर जी फुलीसारखी चीर दिसते ती शोभेची नाही. गॅसचा दाब वाढला तर डबीचा स्फोट होण्याऐवजी तिथून फाटावं, म्हणून ती ठेवलेली असते.

२००० सालानंतरच्या चार-पाच वर्षांतले बोर्ड हाताळत असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्या काळात तैवानमध्ये बनलेल्या अनेक कॅपॅसिटरमधला इलेक्ट्रोलाइटच सदोष होता. त्यातून हायड्रोजन तयार व्हायचा आणि नवे बोर्डसुद्धा दोन-तीन वर्षांत फुगायचे. २००२ च्या सुमारास ही गोष्ट जगभर गाजली. अशा बोर्डवर एक फुगलेला दिसला, तर त्याच कंपनीचे, त्याच मापाचे बाकीचेही बदला. ते आज सपाट दिसले तरी रांगेतच उभे असतात.

आता आपल्या गावाचा हिशेब. कॅपॅसिटरवर "१०५ अंश" छापलेलं असतं आणि त्याच्या माहितीपत्रकात समजा २००० तास दिलेले असतात. याचा अर्थ, १०५ अंशांवर तो तेवढे तास टिकेल. दर १० अंश कमी झाले की आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणजे ६५ अंशांवर ३२,००० तास आणि ७५ अंशांवर १६,०००. दोन पाळ्यांत रोज सोळा तास मशीन चालत असेल, तर पहिल्या हिशेबाने साडेपाच वर्षं मिळतात आणि दुसऱ्याने पावणेतीन. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ च्या घरात जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. त्यात पंख्यावर आणि प्रोसेसरच्या हीटसिंकमध्ये सुताची लव गच्च बसलेली. असं असताना ते दहा अंश कुठून वाढले हे वेगळं शोधावं लागत नाही. म्हणून नुसता कॅपॅसिटर बदलून मशीन परत दिलं, तर माझ्या मते ती अर्धीच दुरुस्ती झाली.

बघायचं कुठे

प्रोसेसरच्या सॉकेटभोवती बघा, मग रॅमच्या स्लॉटजवळ, मग ग्राफिक्स कार्डच्या स्लॉटजवळ. टॉर्च तिरकी धरा. चांगल्या कॅपॅसिटरचं डोकं सपाट असतं आणि त्यावर उजेड एकसारखा पडतो, बिघडलेल्याचं डोकं भाकरीसारखं टम्म वर आलेलं असतं किंवा चिरेवर तपकिरी खपली दिसते. काही वेळा डोकं सपाट असतं, पण खालचं रबरी बूच सुटून डबी एका बाजूला तिरकी उभी राहते आणि बुडाशी चिकट डाग असतो. सोल्डरिंग आयर्न, म्हणजे जोड वितळवायचं तापतं अवजार, लावल्यावर माशासारखा उग्र वास आला तर द्रव बाहेर आलाय हे नक्की.

साध्या मल्टिमीटरने बोर्डवरच मोजून फारसं काही कळत नाही, कारण तिथे बरेच कॅपॅसिटर एकमेकांना समांतर जोडलेले असतात. काढून मोजा. हल्ली कॉम्पोनंट टेस्टर स्वस्तात मिळतो, तो कपॅसिटन्स, म्हणजे मायक्रोफॅरडमध्ये मोजली जाणारी साठवण्याची क्षमता, आणि ईएसआर दोन्ही दाखवतो. पुष्कळदा १५०० मायक्रोफॅरड छापलेला कॅपॅसिटर जवळजवळ पूर्ण कपॅसिटन्स दाखवतो आणि ईएसआर मात्र कितीतरी पट वाढलेला असतो. नुसतं कपॅसिटन्स बघणारा तो चांगला म्हणून परत लावतो.

घ्यायचा कोणता

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. दुकानात जाऊन "हजार मायक्रो, दहा व्होल्ट द्या" म्हटलं की दुकानदार बरणीतून काढून देतो. आकडे जुळतात, कॅपॅसिटर जुळत नाही. प्रोसेसरला सव्वा-दीड व्होल्टच लागतात, पण करंट पन्नास अँपिअरच्या आसपास जाऊ शकतो. तो देणारं सर्किट सेकंदाला दोन-तीन लाख वेळा चालू-बंद होतं. तिथे कमी ईएसआरचाच कॅपॅसिटर हवा. रेडिओ किंवा अॅम्प्लिफायरमध्ये चालणारा साधा तिथे काही महिन्यांत पुन्हा फुगतो, मग गिऱ्हाईक म्हणतं, "तुम्ही तर बदलला होता की!"

तेव्हा "लो ईएसआर, १०५ अंश" असं स्पष्ट मागा. निचिकॉन, रुबिकॉन, पॅनासॉनिक, निप्पॉन केमी-कॉन या जपानी कंपन्यांचा माल मला भरवशाचा वाटतो. पण या नावांचा नकली मालही बाजारात असतो, त्यामुळे लावण्याआधी प्रत्येक नग टेस्टरवर मोजायचाच. नवा लो ईएसआर हजार मायक्रोफॅरडचा नग ०.०५ ओमच्या आत यायला हवा. खूप जास्त दाखवत असेल तर बिनदिक्कत परत करा. आपल्याकडे हवा तो मिळाला नाही तर ऑनलाइन मागवा आणि चार दिवस थांबा.

व्होल्टेज मूळ इतकं किंवा जास्त चालेल, कमी अजिबात नाही. ६.३ व्होल्टच्या जागी १० चा चालतो. कपॅसिटन्स तेवढंच ठेवा, वीस टक्क्यांपर्यंत जास्त चालतं. व्यास आणि उंची पट्टीने मोजून जा. ८ मिलिमीटर व्यासाच्या कॅपॅसिटरच्या पायांत साधारण साडेतीन मिलिमीटरचं अंतर असतं, १० च्या पायांत पाच. उंच नग हीटसिंकला किंवा ग्राफिक्स कार्डला अडतो, हे घरी आल्यावर कळून उपयोग नाही. जमलं तर प्रोसेसरजवळ सॉलिड पॉलिमर कॅपॅसिटर लावा. त्यात द्रवच नसतो, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात तो कितीतरी जास्त टिकतो. मात्र एकमेकांना समांतर जोडलेल्या एका गटातले काही पॉलिमर आणि काही साधे असं मिसळू नका, गट पूर्ण बदला.

काढणं आणि लावणं

मशीन बंद करून प्लग काढा. बायॉसच्या, म्हणजे मशीन चालू होताना उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगच्या, सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो आधीच काढून ठेवलेले बरे, कारण जुन्या बोर्डचा सेल काढला की सेटिंग जातात. सेल काढाच आणि मोजा. तीन व्होल्टचा सेल २.७ च्या खाली असेल तर नवा टाका. मग बोर्ड कॅबिनेटमधून पूर्ण बाहेर घ्या आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढा.

डबीवर ज्या बाजूला पट्टा असतो तो निगेटिव्ह पाय. बोर्डवर गोलाचा अर्धा भाग रंगवलेला असतो, बहुतेक बोर्डांवर तो निगेटिव्ह दाखवतो, पण काही बोर्डांवर नेमकं उलट असतं. म्हणून रंगावर भिस्त ठेवू नका. जुना काढण्याआधी त्याचा पट्टा कुठल्या दिशेला आहे ते कागदावर काढून घ्या. उलटा लागलेला कॅपॅसिटर चालू केल्यावर फुटतो, तोही तोंडासमोर. पहिल्यांदा चालू करताना चष्मा घाला.

मदरबोर्डमध्ये तांब्याचे चार किंवा जास्त थर असतात आणि ग्राउंडचा पाय त्या पत्र्याला जोडलेला असतो. तुम्ही दिलेली उष्णता तो पत्रा ओढून घेतो. २५ वॅटच्या आयर्नने इथे निभाव लागत नाही. ६० वॅटचं, तापमान ठरवता येणारं घ्या, बिट, म्हणजे टोक, चपटी आणि रुंद लावा, ३५० ते ३८० अंशांवर ठेवा. युरोपात जुलै २००६ पासून सोल्डरमधल्या शिशावर बंदी आली, त्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक बोर्डांवरचं सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतं. आपलं ६३-३७ चं शिसं असलेलं सोल्डर १८३ ला वितळतं. म्हणून जुन्या जोडावर आधी फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारं रसायन) लावून थोडं नवं सोल्डर चढवा. दोन्ही मिसळली की जोड लवकर सैल होतो.

आता बोर्ड उभा धरा, एका हाताची बोटं डबीवर, दुसऱ्या हातात मागच्या बाजूने आयर्न. एका पायावर बिट टेकवा आणि थांबा. सोल्डर आधी मळकं दिसतं, मग एकदम चकाकून ओलं होतं. त्या क्षणी डबी दुसऱ्या पायाकडे किंचित कलती करा. जेमतेम अर्धा मिलिमीटर सरकली तरी पुरे. आयर्न दुसऱ्या पायावर न्या, ओलं झालं की उलट बाजूला कलती करा. असं डावं-उजवं करत ती आपसूक हातात येते. जोर लावायचा नाही. ओढून काढली तर भोकाच्या आतलं तांब्याचं अस्तर पायाबरोबर निघून येतं आणि मधल्या थरांचा संपर्क कायमचा तुटतो. ग्राउंडचा पाय हटतच नसेल, तर हेअर ड्रायरने तो भाग मिनिटभर गरम करा, मग आयर्न लावा.

भोकं मोकळी करायला डिसोल्डर पंप (वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा) एका बाजूने आणि आयर्न दुसऱ्या बाजूने लावा. तरी बुजलेलं राहिलं तर स्टीलची बारीक सुई गरम सोल्डरमध्ये घालून फिरवत राहा, स्टीलला सोल्डर चिकटत नाही. ड्रिल चालवू नका, ते तांब्याचं अस्तर खरवडून काढतं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने डाग घासून काढा. सांडलेला इलेक्ट्रोलाइट तसाच राहिला तर खालचा ट्रॅक खात जातो.

नवा लावताना लांब पाय पॉझिटिव्ह. डबी बोर्डला टेकवून सरळ बसवा, सोल्डर द्या, उरलेले पाय कापा. काम करताना खिडकी उघडी ठेवा आणि जेवणाआधी हात साबणाने धुवा, शिसं हाताळलेलं असतं.

चालू करण्याआधी मल्टिमीटरने १२ आणि ५ व्होल्टच्या वायरी ग्राउंडशी शॉर्ट नाहीत ना, ते बघा. चालू झाल्यावर १२ व्होल्ट ११.४ ते १२.६ मध्ये आणि ५ व्होल्ट ४.७५ ते ५.२५ मध्ये हवेत. रॅमची चाचणी रात्रभर लावून ठेवा. हीटसिंकची लव ब्लोअरने काढताना पंख्याचं पातं बोटाने धरा, नाहीतर तो नको तेवढा वेगात फिरून बिघडतो. प्रोसेसरवरची पेस्ट नवी लावा. लूमच्या शेडमध्ये कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, लव खाली जमते. ते टेबलावर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा आणि महिन्यातून एकदा उघडून साफ करा.

एसएमपीएस, टीव्ही आणि बाकीचं

सेट टॉप बॉक्स चालू होताना अडखळतो, एलईडी टीव्हीचा लाल दिवा नुसता मिचमिचतो, तेव्हा बहुतेक पॉवर बोर्डच्या आउटपुटचे १००० मायक्रोफॅरड, १६ किंवा २५ व्होल्टचे नग गेलेले असतात. पद्धत तीच, आणि बोर्ड एक-दोन थरांचा असल्यामुळे काम सोपं जातं.

मात्र या बोर्डवर आणि कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज पुरवणाऱ्या पेटीत, एक मोठा, ४०० किंवा ४५० व्होल्टचा कॅपॅसिटर असतो, किंवा जुन्या एसएमपीएसमध्ये २०० व्होल्टचे दोन असतात. आपल्या २३० व्होल्टच्या लाइनवर तिथे साधारण ३२५ व्होल्ट साठतात, काही एसएमपीएसमध्ये त्याहूनही जास्त, आणि प्लग काढल्यावरही ते राहू शकतात. हा झटका जीव घेऊ शकतो. प्लग काढून दहा मिनिटं थांबा, मग मीटर लावा. व्होल्टेज असेल तर इन्सुलेटेड वायरींना जोडलेला ५ किलोओम, १० वॅटचा रेझिस्टर दोन्ही पायांना काही सेकंद धरा आणि पुन्हा मोजा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका, ठिणगीने पाय आणि ट्रॅक जळतात. मीटर हातात नसेल तर एसएमपीएस किंवा टीव्ही उघडूच नका.

छताच्या पंख्याचा कंडेन्सर हाही कॅपॅसिटरच, पण वेगळ्या जातीचा असतो. तो सहसा २.५ मायक्रोफॅरडचा, ४४० व्होल्ट एसीचा असतो आणि त्याला प्लस-मायनस नसतं. त्याच्या जागी मदरबोर्डच्या डबीतला इलेक्ट्रोलायटिक लावू नका, एसीवर तो फुटतो.