दिवाडीच्या खाजनात जलरंग

गोव्यात उघड्यावर बसून जलरंगात चित्र काढायचे तर उन्हापेक्षा दमट हवा जास्त छळते. कागद वाळता वाळत नाही आणि घाई केली की चित्र बिघडते.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने सकाळी ७ पर्यंत मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर पोचा. तिथली खाजने, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली सखल शेते, आपल्याला काढायची आहेत. दहानंतर सावल्या आखडतात आणि शेते सपाट दिसू लागतात. सोबत ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) कॉटन कागद, एक जाडा गोल ब्रश, एक बारीक ब्रश आणि सुती फडके पुरे. छत्री काळी घ्या. रंगीत छत्रीची झाक कागदावर पडते. पाणी मात्र घरूनच न्या. मी एकदा आळसाने खाजनातलेच पाणी डब्यात भरले. ते मचूळ होते. मीठ हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे घरी येईपर्यंत माझे आकाश चिकटच राहिले होते!

समोर दिसेल ते सगळे काढू नका. एक बांध, दोन माड, पाणी आतबाहेर सोडणारी मानस, बस. पेन्सिलीने आधी नदीच्या पाण्याची कड आखून घ्या. ओहोटी लागली की तासाभरात खाली चिखल उघडा पडतो.

मग आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, द्या आणि थांबा. कागद तिरपा करून चमक बघा. चमक असेल तर लांबचे माड आताच रंगवा, कडा मऊ येतील. चमक गेली, पण हाताची मागची बाजू टेकवल्यावर कागद गार लागला, तर ब्रश खाली ठेवा. या वेळी ओला ब्रश लावलात तर रंग मागे ढकलला जातो आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उठतो. तो पुसून जात नाही. गार लागेनासा झाला की पुढची शेते, बांध नि जवळचे माड घ्या.

ट्यूबमधला तयार हिरवा शेतात प्लॅस्टिकसारखा दिसतो. कोवळ्या भाताला लेमन येलोत चिमूटभर अल्ट्रामरिन (गडद निळा) पुरते. माडाच्या झावळ्यांना त्यातच थोडा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). चिऱ्याच्या भिंतीवरची सावलीही बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरिनचीच करा, काळा नको. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीला कोरा कागद सोडा.

परतताना फेरीबोटीत गर्दी असली तरी चित्राचा पाट आडवाच धरा. वरून कोरडे वाटणारे आभाळ आत अजून ओले असते.