हॉरर गेमच्या संगीताला कुणी घाबरत नाही? मग या चुका टाळा

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत बसून मी एका छोट्या हॉरर गेमला संगीत देत होतो. नौपाड्यातली रिकामी झालेली जुनी इमारत, तीन मजले, एक हरवलेली किल्ली, एवढाच गेम. पहिली चाचणी भाच्यावर केली. दुसऱ्या मजल्यावर पोचल्या पोचल्या तो म्हणाला, "मामा, आता येईल बघ. म्युझिक चढलं ना." आणि खरंच ती पांढऱ्या साडीतली बाई आली. तोवर भाचा जिन्याखाली जाऊन निवांत बसला होता.

महिनाभराची मेहनत त्या एका वाक्यात पाण्यात गेली. पण चूक सापडली, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तीच.

संगीत चुगली करतंय का, ते आधी तपासा

भूत जवळ आलं की ड्रोन, म्हणजे मागे सलग घुमणारा सूर, चढवायचा, लांब गेलं की उतरवायचा. एफमॉड किंवा वाइज या गेमचा आवाज हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अंतराचा एक पॅरामीटर जोडला की झालं. सोपं आहे, म्हणून सगळे हेच करतात. खेळणारा मात्र दहा मिनिटांत ही खूणगाठ बांधतो, आणि संगीत गप्प असेपर्यंत बिनधास्त हिंडतो. ज्याला घाबरवायला ठेवलं तोच त्याचा वॉचमन होऊन बसतो.

'सायलेंट हिल' या गेममध्ये (१९९९) राक्षस जवळ आला की खिशातला रेडिओ खरखरतो. तीही चुगलीच, पण अर्धवट. कुणीतरी आहे एवढं कळतं. धुक्यात ते नेमकं कुठे आहे, हे कळत नाही. 'डेड स्पेस' या गेमसाठी (२००८) संगीतकार जेसन ग्रेव्हजने वेगवेगळ्या ताणाचे थर ऑर्केस्ट्राकडून रेकॉर्ड करून घेतले होते, आणि प्रसंग पाहून गेम ते कमीजास्त करतो. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा नाही, पण थर आहेत. मी तीन बदल केले. दहातून तीनदा ड्रोन उगाचच चढतो. भूत गेल्यावर तो उतरायला कधी आठ सेकंद घेतो, कधी वीस. आणि एकदा, फक्त एकदाच, बाई पूर्ण शांततेत येते.

शांतता म्हणजे ट्रॅक म्यूट करणं नव्हे

सगळे आवाज बंद केले तर हेडफोन बिघडला असं वाटतं. शांतता कळायला आधी काहीतरी सुरू असावं लागतं. पावसाळ्यात येऊरच्या पायथ्याशी अंधार पडल्यावर उभे राहून पाहा. रातकिड्यांचा गजर इतका सलग असतो की दोन मिनिटांनी तो ऐकूच येईनासा होतो. मग कुठेतरी खसफस होते आणि जवळचे किडे एकदम थांबतात. त्या क्षणी मान आपोआप वळते. मी तो आवाज फोनवर रेकॉर्ड केला आणि इमारतीच्या मागच्या अंगणात सतत हळू वाजत ठेवला.

तीव्र मध्यम लावला म्हणजे भीती आली असं नाही

इंटरनेटवरचे धडे सांगतात, सहा अर्धस्वरांचं अंतर लावा, माणूस अस्वस्थ होतो. म्हणजे सा आणि तीव्र म. मी इमानेइतबारे खाली तानपुरा ठेवला, वर तीव्र म लांबवला. स्वयंपाकघरातून आईचा आवाज, "यमन का रे?" संपलं! तीव्र म हा यमन रागाचाच सूर. आपल्या कानाला खाली षड्ज पक्का मिळाला की वरचा सूर घरचा वाटतो. कोमल रिषभाचंही तेच, भैरवात तो पहाटेच्या देवळाची आठवण देतो. अस्वस्थता हवी असेल तर पायच काढून घ्या. मारव्यात पंचम नसतो आणि षड्जावरही फारसं थांबत नाहीत, म्हणून तो अधांतरी वाटतो. याहून सोपी युक्ती म्हणजे दोन जवळपास सारखे सूर एकत्र धरायचे. २२० आणि २२३ हर्ट्झ एकत्र वाजले की सेकंदाला तीन हेलकावे येतात, आणि कुठला राग ते आईलाही सांगता येत नाही.

नौपाड्यातल्या भुताला चर्चचा ऑर्गन आणि गुणगुणणारी परदेशी पोरगी कशाला लागते, हेही मला कळत नाही. आमच्या गेममध्ये जुन्या लिफ्टचा जाळीचा दरवाजा आहे. त्याची करकर अर्ध्या वेगाने लावली की सूर एक सप्तक खाली येतो आणि कुणीतरी कण्हल्यासारखं वाटतं. मात्र फोनवरचं रेकॉर्डिंग असं ओढलं की वरचे बारीक आवाज जातात आणि सगळं घोंगडीखालून आल्यासारखं होतं. जमलं तर रेकॉर्डिंगच ९६ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटवर करा. आणि तेव्हा चार्जर काढून ठेवा, नाहीतर विजेची ५० हर्ट्झची गुणगुण खाली बसते ती बसतेच.

लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजणारा तुकडा, जोडाशी अडखळत असेल तर बहुतेक वेळा दोष एमपी३चा असतो. त्या फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी किंचित रिकामी जागा पडते. वेव्ह किंवा ऑग फॉरमॅटची फाइल वापरा.

'फोनवर बास ऐकूच येत नाही' ही तक्रार आली तर आवाज वाढवू नका. ४० हर्ट्झ त्या चिमुकल्या स्पीकरला झेपतच नाही. थोडं सॅच्युरेशन द्या, म्हणजे आवाज किंचित फाटू द्या; त्याने हार्मॉनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर, तयार होतात आणि मूळचा खर्ज आहे असा कानाला भास होतो.

किंचाळी एकच ठेवू नका. चौथ्यांदा तीच ऐकली की हसू येतं. आणि एखादी जागा सुरक्षितही ठेवा. 'रेझिडेंट ईव्हिल' गेममधल्या, जिथे गेम सेव्ह करता येतो त्या टाइपरायटरच्या खोलीतली शांत धून लोकांना अजून आठवते, कारण तिच्याबाहेर पाऊल टाकणं जिवावर येतं.

गेल्या रविवारी भाच्याला परत बसवलं. मागच्या अंगणात कुठलंही भूत ठेवलेलं नाही, फक्त ते रातकिडे आहेत आणि ते अधूनमधून थांबतात. तो नळापाशी उभा राहिला, पुढे जाईना. मग एका कानातला इयरफोन काढून म्हणाला, "मामा, हे किडे का गप्प झाले?"