मिश्र विवाहांविषयीचे सर्वेक्षण कसे वाचावे

आंतरधर्मीय किंवा आंतरवंशीय विवाहांना समाजाची मान्यता वाढली असे सांगणारा आकडा दिसला, की आधी त्यामागचा प्रश्न शब्दशः वाचावा. ‘अशा विवाहांना तुमची मान्यता आहे का?’ असे विचारले, तर दुसऱ्याच्या घराबाबत उदार होता येते. ‘तुमच्या मुलीने असा विवाह केला तर चालेल का?’ असे विचारले, की प्रश्न स्वतःच्या उंबरठ्यावर येतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एमरी बोगार्डस यांनी १९२५ मध्ये मांडलेल्या सामाजिक अंतराच्या मापपट्टीत, म्हणजे परक्या समूहातील माणसाला आपण किती जवळ येऊ देऊ हे मोजणाऱ्या पायऱ्यांत, शेजारी, सहकारी आणि मित्र यांच्याही अलीकडे, सर्वांत जवळची पायरी म्हणून विवाहाचे नाते ठेवले होते, आणि माझ्या मते ती मांडणी आजही खरी ठरते.

त्यानंतर उत्तर कोणासमोर दिले गेले, ते तपासावे. प्रश्न विचारणारी व्यक्ती समोर असली की माणूस शोभेल असे उत्तर देतो. गुप्त मतदानात हा संकोच उरत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये वंशाधारित विवाहबंदी रद्द केली होती, तरीही अलाबामा राज्याच्या घटनेतील निष्प्रभ झालेली बंदी काढून टाकण्यासाठी २००० साली मतदान झाले, तेव्हा सुमारे ४० टक्के मतदारांनी ती काढण्यास विरोध केला. हा आकडा मला फार अस्वस्थ करतो.

स्त्री आणि पुरुष यांच्याविषयी वेगळे प्रश्न विचारले आहेत का, हेही पाहावे. प्यू संशोधन केंद्र या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेच्या २०२१ च्या भारतविषयक अहवालात, आपल्या समाजातील स्त्रियांना धर्माबाहेर विवाह करण्यापासून रोखणे अत्यंत महत्त्वाचे आहे, असे ६७ टक्के हिंदूंनी आणि ८० टक्के मुस्लिमांनी सांगितले; पुरुषांबाबत हेच प्रमाण अनुक्रमे ६५ आणि ७६ टक्के होते. म्हणजे विरोध केवळ मुलींपुरता असतो, हा समज येथे टिकत नाही.

प्रत्यक्ष विवाहांची संख्या वृत्तीचा पुरावा मानताना मात्र समूहांचा आकार लक्षात घ्यावा, कारण १०० विवाहित व्यक्तींच्या आणि १,००० विवाहित व्यक्तींच्या दोन समूहांत आपसांत दहा मिश्र विवाह झाले, तर लहान समूहात ते प्रमाण दहा टक्के आणि मोठ्यात एकच टक्का दिसते. शिवाय विवाहाआधी एकाने धर्म बदलला असेल, तर ते जोडपे नोंदीत एकधर्मीय ठरते आणि त्यांनी सोसलेला विरोध कोणत्याच रकान्यात येत नाही.