जपानीतलं ‘पटकन’: चपळ हालचालींचे शब्द वापरताना या चुका टाळा

मराठी माणसाने जपानीतल्या गिताइगोला घाबरायचं खरं तर कारण नाही. हालचालीला नादाचं रूप देणारे हे शब्द. पटकन, टुणकन, लगबग, झपझप अशी शिदोरी आपल्याकडे लहानपणापासून असते. घोळ होतो तोही या शिदोरीमुळेच. मराठीत पटकन उठता येतं, पटकन जेवता येतं, पटकन कळतंसुद्धा. जपानीत असा सगळीकडे चालणारा एक शब्द पकडून ठेवला, की वाक्य व्याकरणात बसतं पण ऐकणारा गोंधळतो. शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेने 2007 साली काढलेल्या नादानुकारी शब्दांच्या कोशात साडेचार हजार शब्द आहेत. ते पाठ करायला कोणी सांगत नाही, पण वेगाचे आठ-दहा शब्द तरी एकमेकांपासून वेगळे ओळखता यायला हवेत.

‘सात्तो’च्या जागी ‘सास्सातो’

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सात्तो म्हणजे एका झटक्यात, हलक्या हाताने. ‘सात्तो ताचिआगारु’ म्हणजे चटकन उठून उभं राहणं. पाककृतीत ‘सात्तो युदेरु’ लिहिलं असेल तर भाजी उकळत्या पाण्यातून नुसती काढायची, शिजवत बसायचं नाही.

सास्सातोमध्ये वेगाबरोबर ‘रेंगाळू नकोस’ हा सूरही येतो. ‘सास्सातो शिनासाइ!’ हे आईने मुलाला म्हणायचं वाक्य आहे. वरिष्ठांना किंवा ग्राहकाला काम लवकर करायची विनंती करताना हा शब्द घातलात, तर तुम्ही त्यांना दटावलंत असं होईल. तिथे ‘हायामेनि ओनेगाइ शिमासु’ म्हणा. स्वतःचं काम ‘सास्सातो’ उरकायला काहीच हरकत नाही. मात्र दुसऱ्याबद्दल ‘सास्सातो काएत्ता’ म्हटलं, की ‘बाकीच्यांकडे न बघता निघून गेला’ अशी कुरकुर ऐकू येते.

‘सेस्सेतो’लाही याच कुटुंबात ढकलू नका. त्यात घाई नाही, मन लावून न थांबता करत राहणं आहे.

घोष व्यंजनाचं वजन विसरणं

क-ग, त-द, स-ज, प-ब या जोड्यांत दुसरा, म्हणजे घोष, आवाज आला, की हालचाल जड, मोठी किंवा ओबडधोबड होते. वाटाणा कोरोकोरो घरंगळतो, धोंडा गोरोगोरो. दारावर तोन्तोन् म्हणजे हलकी टकटक, दोन्दोन् म्हणजे दार बडवणं. सपाता घालून चालण्याचा आवाज पातापाता, तर बाताबाता म्हणजे धावपळ, धांदल. म्हणून सहकाऱ्याच्या चपळाईचं कौतुक करताना ‘बाताबाता काम करतो’ म्हणू नका. तिथे ‘तेकिपाकि’ हवं: एकापाठोपाठ एक कामं नीट हातावेगळी करणारा. स्वतःबद्दल ‘बाताबाता शिते ओरिमाशिते’ म्हणत उशिराची माफी मागणं मात्र जपानी ऑफिसात सर्रास चालतं.

पण हा नियम सूत्रासारखा लावलात तर फसाल. सात्तोला घोष केलं की जात्तो होतं (ज ‘जरा’मधला). त्याचा अर्थ ‘जोरात झटकन’ असा नाही, ‘वरवर, ढोबळमानाने’ असा आहे. ‘जात्तो मे ओ तोओशिमाशिता’ म्हणजे नुसती नजर फिरवली. अहवाल बारकाईने पण लवकर वाचला असं सांगायचं असेल, तर हा शब्द तुम्हालाच अडचणीत आणेल.

चालणाऱ्याचं वय आणि मूड न बघणं

इथे मराठी कान कामाला येतो, कारण ‘तुरुतुरु’ आणि ‘झपझप’ यांत आपण कधी गल्लत करत नाही. चोकोचोको (च चहातला, चमच्यातला नव्हे) म्हणजे लहान मुलाचं तुरुतुरु. सुतासुता म्हणजे इकडेतिकडे न बघता झपझप. सोसोकुसातो निघून जाणारा माणूस काढता पाय घेत असतो. आणि तेकुतेकुत वेग मुळीच नाही, लांबचं अंतर एका लयीत पायी कापणं आहे.

‘तो’ कुठे लावायचा

सात्तो, पात्तो (झटकन), चिरात्तो (ओझरतं) यांत शेवटचा ‘तो’ हवाच. तो गाळता येत नाही, वर दुसराही लावायचा नाही. तेकिपाकिसारख्या जोडशब्दांत मात्र बहुधा तुमच्या मर्जीवर.

उच्चारात द्वित्त गिळू नका: सात्तो ऐवजी ‘सातो’ म्हटलंत तर ते खेडं होतं. उलट ऐकताना काही स्वर जवळपास नाहीसे होतात. सुतासुता कानावर ‘स्तास्ता’ असं पडतं, तेकिपाकि ‘तेक्पाकि’. ऐकण्याच्या परीक्षेत ओळखीचा शब्द निसटतो तो यामुळेच.

मेलमध्ये ‘साकुसाकु’

बिस्किट खुसखुशीत असलं तर साकुसाकु, ॲप न अडखळता चाललं तरी साकुसाकु. गप्पांमध्ये छान शोभतो. पण ‘तुमचं काम साकुसाकु करतो’ असं ग्राहकाला लिहू नका. ‘सुमियाकानि ताइओ इताशिमासु’ लिहा.

शंका आली तर शब्द एकटा शोधू नका, क्रियापदासकट शोधा. जपानच्या राष्ट्रीय भाषासंस्थेचा सुमारे 10 कोटी शब्दांचा लिखित जपानीचा संग्रह ऑनलाइन चाळता येतो. तुमची जोडी तिथे एकदाही सापडली नाही, तर क्रियापद बदलू नका, शब्द बदला.